चौसष्ट हातांनी आकाश उपसताना

आदरणीय ताई,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय 'ग्रहणकारी जुळे तारे', म्हणजे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकणारे तारे. गाइड सरांनी सांगितलं, टेस या अवकाश दुर्बिणीच्या डेटातून एक दिवसापेक्षा कमी आवर्तकाळाचे चाळीसेक तारे घे आणि त्यांच्या ग्रहणांच्या वेळा मोज. डेटा ऑनलाइन फुकट मिळतो. एका सीनियरकडून स्क्रिप्ट मिळाली. तिच्यात एका वेळी किती फाइली ओढायच्या याचा आकडा ८ होता, मी तो ६४ केला. शुक्रवारी रात्री अकराला लॅबच्या मशीनवर पहिल्या २६ सेक्टरांच्या (टेसने पाहिलेल्या आकाशाच्या पट्ट्यांच्या) सगळ्या ताऱ्यांचं सगळं काही लावून दिलं आणि गावी गेलो.

सोमवारी येऊन बघतो तर दोन टीबीच्या डिस्कवर पाऊण टीबी उतरलेलं, त्यानंतरच्या हजारो फाइली तीन-तीन केबीच्या, आणि आर्काइव्हची साइट कॉलेजात कुठेच उघडेना. दुसऱ्या विभागातल्या एका मॅडमचं काम त्यामुळे अडकलंय. सिस्टीम ॲडमिन सरांनी सगळ्यांना मेल केलाय, 'हे कोणी केलं?' मी अजून गप्प आहे. मित्र म्हणतो, डेटा पब्लिक आहे, तू काय चोरी केलीस? व्हीपीएन टाक, नाहीतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उरलेलं उतरव. सबमिशनला सहा आठवडे उरलेत. खरंच माझं चुकलं का? आणि आता काय करू?

नाव छापू नका.

*

प्रिय मुला,

आधी व्हीपीएनचं बोलते, कारण बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. टाकू नकोस. हॉटस्पॉटही नको. आतापर्यंत जे झालं ते नकळत झालं, आणि नकळत झालेल्या गोष्टीला लोक बऱ्यापैकी माफ करतात. इंटरनेटवरचा पत्ता बदलून पुन्हा शिरलास की ती सवलत गेली. शिवाय सापडशील. तीच यादी, तोच क्रम, जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे, फक्त पत्ता नवा. सर्व्हरच्या नोंदी बघणाऱ्या माणसाला हे ओळखायला हातातला चहा संपवावा लागत नाही.

आता मित्राचं म्हणणं. चोरी केलीस का? नाही. टेसच्या डेटाला तर राखीव काळसुद्धा नाही. हबल किंवा जेम्स वेबने एखाद्या संशोधकाच्या मागणीवरून निरीक्षण घेतलं तर ते बहुधा काही महिने त्याच्यापुरतंच ठेवतात, मग सगळ्यांना खुलं होतं. टेसचं तसं नाही, प्रक्रिया झाली की ते सगळ्यांचं. तेव्हा मित्र अर्धा बरोबर आहे. पण एसटीही पब्लिकच आहे. गाडी फलाटाला लागताना खिडकीतून एक रुमाल टाकणाऱ्याला आपण हसून सोडून देतो. एकट्याने चौसष्ट खिडक्यांतून चौसष्ट रुमाल टाकले, आणि बसायचं मात्र एकाच सीटवर, तर कंडक्टर काय करील?

तरी मला विचारशील तर चौसष्ट हा आकडासुद्धा तुझा मोठा दोष नव्हे. मोठा दोष त्या तीन केबीच्या फाइलींत आहे. त्यातली एक घे आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड. नावाच्या शेवटी 'फिट्स' (खगोलशास्त्रातल्या फाइलींचं नेहमीचं स्वरूप) असेल, पण आत तारा नसेल. आत एक छोटं वेबपान असेल आणि त्यात कुठेतरी ४२९ किंवा ५०३ असा आकडा. ४२९ म्हणजे 'फार वेळा विचारताय', ५०३ म्हणजे 'सध्या देता येत नाही'. सर्व्हरने तुला हजारो वेळा 'जरा थांबा' सांगितलं आणि तुझ्या स्क्रिप्टने ते प्रत्येक वेळी तारा समजून जपून ठेवलं. एवढं सांगूनही समोरचा थांबेना तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. तू ज्या आर्काइव्हवरून ओढत होतास त्याचं नाव मी पत्रातून काढलंय, टेसचा डेटा एकाहून जास्त ठिकाणी मिळतो; पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि बहुधा जरा लवकर.

बरं, दार तुझ्या एकट्यासाठी लागलं नाही, कारण तू एकटा दिसतच नाहीस. कॉलेजात चारशे संगणक असले तरी बाहेरच्या जगाला बहुतेक कॉलेजांचा एकच पत्ता दिसतो. वाड्यात बिऱ्हाडं वीस, पण पोस्टमनसाठी दार एक, तसं. म्हणून लॅबमधून तू केलेल्या गोष्टीची शिक्षा वरच्या मजल्यावरच्या मॅडमना झाली. अशी दारं काही सगळीकडे माणूस हाताने लावत नाही. ताऱ्यांची नावं आणि ओळखी सांगणारी स्ट्रासबर्गची सिम्बाड ही सेवा बघ. सेकंदाला पाच-दहापेक्षा जास्त प्रश्न एकाच पत्त्यावरून आले की तो पत्ता तासाभरापर्यंत काळ्या यादीत जातो, हे उघडपणे लिहून ठेवलेलं आहे. गंमत अशी की तेव्हा 'बंदी आहे' असा स्पष्ट संदेशही येत नाही, नुसती जोडणीच होत नाही, आणि माणूस आपल्याच वायफायला शिव्या घालतो.

तर सिस्टीमवाल्या सरांकडे जा. मेल नको, समोर जा. उद्याच जा. त्यांच्याकडे कुठल्या मशीनवरून किती डेटा आला याची नोंद असतेच. लॅबचं मशीन आणि शुक्रवारची रात्र एवढं हाती आल्यावर तुझ्यापर्यंत पोचायला त्यांना फार तर एक दुपार लागेल. त्यांनी येऊन तुला विचारण्याआधी तू जाऊन सांगितलंस तर ते पाच मिनिटं ओरडतील आणि मग मदत करतील. मी आयुष्यभर कॉलेजात काढलंय, ही जमात ओरडते फार पण डूख धरत नाही. मॅडमनाही भेटून ये. त्यांना काय हवं होतं ते विचार. कदाचित त्यांना दोनच फाइली हव्या असतील आणि त्या तू उतरवलेल्या पाऊण टीबीत निघतील. तेवढंच पुण्य.

मग आर्काइव्हच्या हेल्पडेस्कला पत्र. ते सरांच्या नावाने गेलं किंवा त्यांना प्रत गेली तर उत्तम, कारण पत्ता कॉलेजचा आहे. पत्रात रडगाणं नको. 'आमचे कॉलेज ग्रामीण भागात असून' वगैरे तर मुळीच नको. पलीकडच्या माणसाला पाच गोष्टी हव्या असतात: कॉलेजचा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता, केव्हा सुरू केलंस, काय चालवलं होतंस, ते आता बंद आहे का, आणि तुला खरं हवंय काय. वेळ लिहिताना यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिही. तू शुक्रवारी रात्री अकरा म्हणतोस, ते त्यांच्या नोंदीत शुक्रवार संध्याकाळी साडेपाच आहे, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ही एवढी काळजी घेतलेली दिसली की समोरच्याला कळतं, मुलगा शिकण्यासारखा आहे. आणि पाचवा मुद्दा, खरं हवंय काय, तो मात्र आत्ता तुला लिहिता येणार नाही. कारण तुला तो माहीतच नाही.

हे जरा टोचेल, पण हिशेब करून बघ. टेस एका सेक्टरकडे सुमारे २७ दिवस बघते आणि निवडलेल्या सुमारे २०,००० ताऱ्यांची दर दोन मिनिटांनी नोंद घेते. प्रत्येक ताऱ्याच्या दोन मुख्य फाइली. एक लाइट कर्व्ह, म्हणजे वेळ आणि तेज यांचा तक्ता, साधारण २ एमबी. दुसरी टार्गेट पिक्सेल फाइल, म्हणजे ताऱ्याभोवतीच्या छोट्या चौकोनाची दर दोन मिनिटांची चित्रं, ती ५० एमबीच्या आसपास. वीस हजार गुणिले पन्नास एमबी, म्हणजे एका सेक्टरला एक टीबी. तू सेक्टर लावलेस २६. दोन टीबीच्या डिस्कवर तू २६ टीबी ओतायला निघाला होतास. त्यांनी दार लावलं नसतं तर तुझी डिस्क भरून वाहिली असती आणि लॅबमधल्या बाकीच्यांचीही कामं बुडाली असती. एका अर्थी वाचवलंच त्यांनी तुला.

आणि तुला हवं काय होतं? चाळीस तारे.

ग्रहणकारी जुळे तारे कुठले हे शोधायला तू सगळं आकाश घरी आणत होतास. पण ते शोधून झालेले आहेत. आंद्रेय प्रशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेसच्या पहिल्या २६ सेक्टरांतले, तुझेच २६, दोन मिनिटांच्या नोंदीतले ग्रहणकारी तारे तपासून २०२२ मध्ये यादी प्रसिद्ध केली. ४,५८४ तारे. प्रत्येकाचा टेस क्रमांक, आवर्तकाळ, ग्रहणाची वेळ, सगळं तक्त्यात आहे. तो तक्ता अगदी छोटा आहे. त्यात आवर्तकाळ एक दिवसापेक्षा कमी अशी चाळणी लावायला एक ओळ पुरते. उरलेल्यांतून चाळीस तू निवडायचेस, आणि निवडताना डोकं वापरायचंस: कुठला तारा किती सेक्टरांत आलाय ते बघ. टेसच्या पाहण्याची पद्धत अशी आहे की क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या) ध्रुवांजवळचे तारे वर्षभर, सलग तेरा सेक्टरांपर्यंत दिसत राहतात, आणि क्रांतिवृत्ताकडचे एखाद्याच सेक्टरात चमकून जातात. ग्रहणाच्या वेळा पुढेमागे सरकतात का हे तुला मोजायचंय; त्याला लांबलचक नोंद हवी. ०.४ दिवसाचा आवर्तकाळ असलेल्या ताऱ्याची एका सेक्टरात साठ-पासष्ट मुख्य ग्रहणं मिळतात, पण २७ दिवसांत सरकणार ते काय? चारपाच सेक्टरांत विखुरलेला तारा घेतलास तर बराच लांब पल्ला मिळेल.

चाळीस तारे, सरासरी चार सेक्टर, म्हणजे १६० लाइट कर्व्ह. गुणिले २ एमबी. ३२० एमबी. एका मराठी सिनेमाची बरी प्रत याहून जड असते.

टार्गेट पिक्सेल फाइली अजिबात नकोत असं नाही. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असतो, म्हणजे चांगलाच ढोबळ. त्यामुळे शेजारचा तारा त्याच डब्यात बसलेला असू शकतो आणि ग्रहण नक्की कोणाचं हा घोळ होतो. शिवाय लाइट कर्व्हमधला जो 'स्वच्छ केलेला' रकाना असतो, तो ग्रह शोधणाऱ्यांच्या सोयीने स्वच्छ केलेला आहे. जुळ्या ताऱ्यांचे मोठे चढउतार कधीकधी त्यात मार खातात. म्हणून आधी तो आणि मूळ मोजमापाचा, असे दोन्ही रकाने शेजारी शेजारी काढून बघ. जिथे ते भांडताना दिसतील त्या चारपाच ताऱ्यांच्याच पिक्सेल फाइली माग. एखादा तारा दोन मिनिटांच्या यादीत नसेल तर पूर्ण चौकटीची चित्रं ओढायला जाऊ नकोस, तिथे एकेक चित्र पस्तीस एमबीचं असतं. टेसकट नावाची सोय आहे. ताऱ्याचा पत्ता द्यायचा, दहा-पंधरा पिक्सेलांचा चौकोन सांगायचा, कापण्याचं काम सर्व्हर करतो. बाजारात पाव किलो भोपळा मागितल्यावर भाजीवाली कापूनच देते की. अख्खा भोपळा घरी नेऊन कापत नाही आपण.

इथे माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी फार शहाणपणा शिकवतेय असं वाटायला नको. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका आकाश सर्वेक्षणाच्या डेटाबेसला प्रश्न विचारला. दोन तक्ते जोडले आणि ते कशावरून जोडायचे ती अट लिहायचीच विसरले. एका तक्त्यात लाखभर ओळी, दुसऱ्यात लाखभर. अट नसली की संगणक पहिल्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्यातल्या प्रत्येक ओळीशी जोडतो, म्हणजे हजार कोटी जोड्या. थोड्या वेळाने वेळेची मर्यादा संपून प्रश्न तोडला गेला. मी पुन्हा पाठवला. पुन्हा तोडला. अर्धा दिवस मी साइट भिकार आहे असं सगळ्या स्टाफरूमला सांगत होते. संध्याकाळी एका विद्यार्थिनीने पडद्याकडे बघून हळूच विचारलं, "मॅडम, यात व्हेअर कुठाय?" व्हेअर म्हणजे तीच विसरलेली अट. तेव्हापासून मी आधी दहा ओळी मागते. दहा ठीक आल्या की शंभर. मग सगळं.

आकाशाचे डेटाबेस असे प्रश्न विचारण्यासाठीच बांधलेत. स्लोन आकाश सर्वेक्षणाचा स्कायसर्व्हर हा डेटाबेस २००१ मध्ये सुरू झाला तो खगोलशास्त्रज्ञ ॲलेक्स सालाय आणि संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांच्या आग्रहातून: डेटा माणसाकडे नेण्यापेक्षा माणसाचा प्रश्न डेटाकडे न्या. ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजणाऱ्या गाया या अवकाश दुर्बिणीचा तिसरा साठा २०२२ मध्ये खुला झाला, त्यात १८० कोटींवर तारे आहेत, आणि ते कोणी लॅबच्या डिस्कवर उतरवून बघत नाही. टेससाठीही मास्ट या आर्काइव्हने टाइक नावाची जागा केलीय. ब्राउझरमध्ये नोटबुक उघडतं, गणित तिकडच्याच मशीनवर चालतं, तुझ्याकडे फक्त आलेख येतो. पिक्सेल फाइलींचं प्रकरण जड झालंच तर तिथे कर.

आता ते १६० कसे आणायचे. एका वेळी एक. फार तर दोन. दोन फाइलींच्या मध्ये दोनतीन सेकंद विश्रांती. फाइलीमागे सगळं धरून पंधरा सेकंद गेले तरी चाळीस मिनिटांत काम संपतं, कॅन्टीनला जाऊन ये. ४२९ किंवा ५०३ आला की स्क्रिप्टने थांबलं पाहिजे. किती, हे बऱ्याचदा सर्व्हर उत्तरातच सांगतो, 'रिट्राय आफ्टर' अशी एक ओळ असते आणि पुढे सेकंद. ओळ नसेल तर एक मिनिट थांब, पुन्हा तेच आलं तर दोन, मग चार, मग आठ. पाचव्यांदाही तेच आलं तर प्रोग्राम बंद करून तुला मेल करील असं लिही. आणि सुरू करून गावी जाऊ नकोस. पहिली वीस मिनिटं समोर बस. सीनियरच्या स्क्रिप्टवर जेवढा विश्वास ठेवलास तेवढा सीनियरवरसुद्धा ठेवू नये.

फाइल आली म्हणजे नीट आली असं नाही, आणि इथे फिट्सची एक जुनी खोड कामाला येते. हे स्वरूप १९८१ मध्ये छापून आलं तेव्हा डेटा टेपवरून हिंडायचा, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांना सगळ्यांनाच पचेल असा घास हवा होता. तो घास ठरला २,८८० बाइटांचा. आजही कुठलीही न दाबलेली फिट्स फाइल २,८८० च्या पटीतच असते. उदाहरण घे: लाइट कर्व्हचा आकार २०,३९,०४० बाइट दिसला. भागिले २,८८०, बरोबर ७०८, बाकी शून्य. ठीक आहे. बाकी उरली तर फाइल मध्येच तुटलीय किंवा ती फाइलच नव्हे. दुसरी खूण, पहिली ओळ: खऱ्या फिट्सची सुरुवात 'सिंपल' या शब्दाने, बरोबरचं चिन्ह आणि थोड्या अंतराने 'टी' अशी होते. तुझ्या तीन केबीवाल्यांची सुरुवात कोनाच्या कंसाने होत असेल. दोन्ही तपासण्या मिळून पाच ओळींचा प्रोग्राम. आर्काइव्हने चेकसम (फाइल जशीच्या तशी आलीय का हे सांगणारा आकडा) दिला असेल तर तोही पडताळ, पण या दोन गोष्टींतच बहुतेक कचरा सापडतो.

एका खड्ड्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण त्यात चांगले चांगले पडलेत. तुटलेली फाइल जिथून तुटली तिथून पुढे आणण्याची सोय डब्ल्यूगेट आणि कर्ल या फाइली उतरवणाऱ्या दोन्ही प्रोग्रामांत आहे. चांगली सोय आहे, सर्व्हरचाही त्रास वाचतो. पण ती फक्त डिस्कवरच्या तुकड्याची लांबी बघते, त्याच्या आत काय आहे ते बघत नाही. तुझ्याकडे तीन केबीचं माफीपत्र ताऱ्याच्या नावाने बसलंय. त्यावर 'पुढे चालू' लावलंस तर प्रोग्राम समजेल की पहिले तीन केबी आलेले आहेत, आणि खऱ्या फाइलीचा उरलेला भाग त्याला जोडून देईल. धड वेबपानाचं, शेपूट ताऱ्याचं. लांबी अगदी बरोबर भरेल, २,८८० नेही भाग जाईल! फक्त पहिली ओळ चोरी पकडून देईल. म्हणून नवं काही सुरू करण्याआधी त्या सगळ्या तीन केबीच्या फाइली पुसून टाक. एक ठेव, हेल्पडेस्कच्या पत्रात त्यातला मजकूर लागेल.

ताऱ्यांची अंतरं, तापमानं लागतील तेव्हा पुन्हा लूप लावून एकेकाचं नाव विचारत बसू नकोस. चाळीसच असतील तरी नको, सवय लागते. चाळीस ओळींची यादी एकदम चढवायची आणि गायाशी जुळवून एकदम उतरवायची, अशी एक्स-मॅच नावाची सेवा स्ट्रासबर्गच्याच केंद्रात आहे. त्या केंद्राचा तक्त्यांचा मोठा साठा, व्हिझियर, त्याची आरसा-प्रत पुण्यात आयुका या खगोलसंस्थेत आहे हे तुझ्या सरांना माहीत असेल. नसेल तर तू सांग. प्रशांची यादीही व्हिझियरमध्ये मिळेल. सांगलीहून फ्रान्सला जाण्याऐवजी पुण्याला जाऊन यावं, हे कळायला खगोलशास्त्र लागत नाही. आणि पुढे रेडिओकडे वळलास तर खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं, म्हणजे ४५ मीटरच्या तीस अँटेनांचंही आर्काइव्ह आहे. जीएमआरटी ऑनलाइन आर्काइव्ह. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'गोवा' होतं, त्यामुळे नारायणगावच्या बाजूला गोव्याहून डेटा आला असं कोणी म्हटलं तर दचकू नकोस. तिथली कच्ची निरीक्षणं एकेक अनेक जीबींची असतात. तिथे चौसष्ट हातांचा विचारही करू नकोस.

तुझ्याकडे आधीच असलेल्या पाऊण टीबीचं काय? टाकून देऊ नकोस, ते आता कोणाचं तरी वीजबिल आणि बँडविड्थ खर्चून आलेलं आहे. वरच्या दोन तपासण्या त्यावर चालव, धड असलेल्या फाइली वेगळ्या काढ, आणि निवडलेल्या चाळीस ताऱ्यांपैकी कोण त्यात आधीच आहे ते बघ. माझा अंदाज, पहिल्या सेक्टरांतले काही निघतील, आणि १६० चा आकडा खाली येईल. धड फाइली विभागाच्या सर्व्हरवर एका सामायिक फोल्डरमध्ये ठेव, सोबत एक छोटी टीप: कुठून, कोणत्या तारखेला, कुठल्या सेक्टरचं, प्रक्रियेची कुठली आवृत्ती. टेसच्या डेटावर अधूनमधून पुन्हा प्रक्रिया होते, आणि तारीख नसलेली फाइल दोन वर्षांनी कोणाच्याच उपयोगाची नसते. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तेच पुन्हा उतरवण्याऐवजी तिथे बघावं. प्रबंधात ऋणनिर्देश करताना आर्काइव्हने दिलेलं वाक्य जसंच्या तसं घाल आणि डेटाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक दे. 'इंटरनेटवरून साभार' असं लिहिलेले प्रबंध मी तपासलेत. गुण कापलेत.

सहा आठवडे पुरतात. हेल्पडेस्कला पहिल्या चार मुद्द्यांचं पत्र दुपारपर्यंत पाठव, पाचवा मागाहून कळवतो असं लिही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कचेरी असेल तर ती आपल्या संध्याकाळी साडेसहा-साडेसातच्या पुढे उघडते, त्यामुळे लगेच उत्तर आलं नाही म्हणून तासातासाला आठवण करू नकोस. दोनतीन दिवस लागतील असं धर. तोवर कॉलेजचं इंटरनेट न लागणारं काम आहे: ४,५८४ ओळींचा तक्ता घे, तो एकदाच उतरवायचा आहे आणि तो घरूनही उतरेल, त्याला हॉटस्पॉट चालेल. त्यातून चाळीस नावं वहीत लिहून काढ, प्रत्येकापुढे आवर्तकाळ आणि सेक्टर. ती वही घेऊन सरांसमोर बस. हेल्पडेस्कला कळवायचा पाचवा मुद्दा तेव्हा लिहिता येईल, आणि तो एका ओळीत मावेल.

तुझी,
ताई